एकच खातेवही, दोन पगार

प्रश्न : नवी पेठेतील एका टॉवेल निर्यातदाराच्या कार्यालयात मी आठ वर्षांपासून हिशेबाचे काम करते. आम्ही एकूण बत्तीस जण आहोत. बँकेला पाठवायची पगाराची यादी माझ्याच हातून जाते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी लागलेल्या आणि टॅली माझ्याकडूनच शिकलेल्या सहकाऱ्याला २३,००० रुपये आणि मला १७,५०० रुपये, हे दर महिन्याला डोळ्यांसमोर येते. मालकांना विचारले, तर ‘त्याला संसार चालवायचा आहे, तुमचे मिस्टर कमावतात’ असे उत्तर मिळाले. माझे पती यंत्रमागांची देखभाल-दुरुस्ती करणारे जॉबर आहेत. राज्याचा याबाबत काही कायदा आहे का? तक्रार केल्यास यादी फोडल्याचा ठपका माझ्यावर येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, राज्याचा कायदा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याच्या कलम १३ मध्ये भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांबाबत स्त्री कामगाराशी भेदभाव करण्यास स्पष्ट मनाई आहे. बत्तीस जणांच्या कार्यालयाला तो लागू होतो. मात्र त्यातून एक पळवाट निघते. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाची पदे या अधिनियमातून वगळलेली आहेत आणि पगाराची यादी हाताळणाऱ्या बाईंचे पद एका रात्रीत ‘गोपनीय’ ठरवणे मालकांना अवघड नाही.

म्हणून केंद्राच्या वेतन संहिता, २०१९ चाही आधार घ्यावा. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा घेणारी ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कारकुनापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे येतात. एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्यांच्या वेतनात लिंगावरून फरक करता येत नाही, असे तिचे कलम ३ सांगते. समान स्वरूप ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती एवढेच पाहायचे असते. नवऱ्याची कमाई या यादीत कुठेही नाही, मग ती जॉबरची असो की जिल्हाधिकाऱ्याची.

खरा वाद येथेच होईल. ‘तो बँकेत जातो, अक्कलकोट रोडच्या गोदामावर माल मोजायला जातो’ असे सांगितले जाईल. अशी कामे आठवड्यातून तासाभराची असतील, तर तेवढ्या फरकाला व्यवहारात महत्त्व नाही, असे कायदाच मानतो. परंतु तो निर्यातीच्या कागदपत्रांवर स्वतःच्या जबाबदारीने सही करत असेल, तर तुमची बाजू कमकुवत होईल, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्त्री लघुलेखकांबाबत कंपनीने असाच युक्तिवाद केला होता : त्या वरिष्ठांच्या गोपनीय लघुलेखक आहेत, त्यांचे काम वेगळे आहे, शिवाय युनियनशी करार झालेला आहे. त्यांच्यापैकीच एक, ऑड्री डिकॉस्टा, यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये यातले काहीही मान्य केले नाही. समान वेतन देण्याची ऐपत नाही, ही सबबही चालणार नाही, असे सांगितले.

तेव्हा आजपासून महिनाभर एका साध्या वहीत लिहून ठेवा : कोणती खाती कोण लिहिते, जीएसटीचे विवरण कोण भरते, बँकेची जुळणी कोण करते, तो रजेवर असताना त्याचे काम कोणाकडे येते. नेमणूकपत्रातील हुद्द्यापेक्षा ही वही जास्त बोलेल. यादीची प्रत मात्र काढू नका, फोटोही नको. ठपका ठेवायला तेच निमित्त पुरते. वेतनाची नोंदवही ठेवणे आणि वेतनचिठ्ठी देणे हे मालकांचे कर्तव्य आहे आणि ती नोंदवही प्राधिकारी मागवू शकतात. कमी वेतनाचा दावा झाल्यावर देणे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकांवरच टाकला आहे.

‘मग त्याचाच पगार कमी करतो’ अशी धमकी आली, तर घाबरू नका. समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन घटवण्यास संहितेत मनाई आहे. हे त्या सहकाऱ्यालाही सांगा, म्हणजे तो निष्कारण तुमच्या विरोधात जाणार नाही.

आपल्या गावातील गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतूनही असेच प्रश्न येतात. एकाच टेबलावर घडी घालून पॅकिंग करणारा पुरुष ‘पॅकर’ आणि बाई ‘हेल्पर’, असे हुद्दे वेगळे लिहिले म्हणून दर वेगळा ठेवता येत नाही. कारखान्याच्या आवारात दुकाने अधिनियमाचा उपयोग नाही, तेथे संहितेवरच भिस्त ठेवावी.

प्रथम मालकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. उत्तर न आल्यास सोलापुरातील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात तक्रार करा. नोंदणीकृत युनियनलाही तुमच्या वतीने दावा दाखल करता येतो. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि तुमचा सहकारी लागून तीन वर्षे झालीच आहेत.