मिठाच्या पिकअपची खटखट

प्रश्न : थोरल्या भावाचं २००९ सालचं पिकअप आहे, पुढे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारा दांडा). उन्हाळ्यात आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ भरून डिचोली, साखळी, वाळपई फिरतं, इतर वेळी नारळ नाहीतर जांभ्याचे चिरे. दोन महिने झाले, खड्ड्यात गेलं की पुढून डाव्या बाजूला खटखट होते, ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढते आणि डावा टायर आतल्या बाजूने खाल्लाय. एका मेकॅनिकने चाक उचलून हलवून बघितलं नि म्हणाला बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारे गोळ्याचे सांधे) ठीक आहेत, बुश (आर्मच्या मुळाचे रबर) गेले असतील. दुसरा म्हणतो चारही जॉइंट बदला. कोणाचं ऐकायचं? आणि आम्ही दोघे भाऊ मिळून घरी हे काम करू शकतो का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : आधी एक विचारतो, त्या पहिल्या मेकॅनिकने जॅक कुठे लावला होता? चेसिसखाली लावला असेल तर त्याने बघितलं ते बघितल्यासारखं नाहीच. तुमच्या गाडीत टॉर्शन बार खालच्या आर्मला (चेसिसपासून चाकाकडे जाणाऱ्या हाताला) जोडलेला असणार, म्हणजे पुढचं सगळं वजन खालच्या बॉल जॉइंटवरून चाकात उतरतं. चेसिस उचललं की चाक लटकतं खरं, पण बार खालच्या आर्मला आणखी खाली दाबतच राहतो, त्यामुळे जॉइंट ताणात असतो आणि आतला गोळा कितीही झिजलेला असला तरी चाक हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागत नाही. असे जॉइंट चांगले म्हणून सोडून दिलेले मी खूप बघितलेत आणि दर वेळी जीव खालीवर होतो, कारण माल भरला की तोच जॉइंट उखळीतून बाहेर येऊ शकतो.

बघायची रीत अशी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना पुढून-मागून चिऱ्याची उटी लावा. जॅक खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जितक्या जवळ बसेल तितका, आणि टायर जमिनीपासून दोन-तीन इंच वर घ्या, चेसिसखाली घोडी (जॅक स्टँड) ठेवा. आता टायरखाली लांब टॉमी (पहार) घालून एकाने वर उचलायचं-सोडायचं आणि दुसऱ्याने टॉर्च घेऊन खालच्या जॉइंटकडे बघायचं. आर्म जागेवर आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) तेवढं वरखाली होतंय, टक् असा आवाज येतोय, तर जॉइंट गेला. काही कंपन्या थोडा प्ले चालतो म्हणतात, ती मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते, पण जॉइंटवरचा रबर बूट (टोपण) फाटून आत तांबडी माती शिरली असेल तर मोजत बसू नका, बदलाच.

मग चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून हलवा. हललं तर लगेच बॉल जॉइंट म्हणू नका, व्हील बेअरिंग लूझ असलं तरी तसंच हलतं, त्यासाठी दादाला ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. ३ आणि ९ वर धरून हललं तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक) बघा. तुमचा टायर आतून खाल्लाय हे खालच्या जॉइंटकडेच बोट दाखवतं, कारण तो झिजला की वजनाखाली चाकाचा वरचा भाग आत कलतो. बुश गेले तरी आवाज येतो नि टायर खातो, म्हणून तेही त्याच वेळी टॉमीने हलवून बघा. दुसरा मेकॅनिक चार बदला म्हणाला ते घाबरवायला म्हणाला असं मी धरत नाही, मिठाच्या गाडीत चारही गेलेले असू शकतात, पण तपासल्याशिवाय चारचे पैसे देऊ नका. मी स्वतः खालचे दोन्ही जोडीने बदलतो, वरचे बघून ठरवतो.

आता घरी करायचं का. जॉइंट आर्मला बोल्टने बसवलेला असेल तर दोघे भाऊ करू शकता. रिव्हेटचा असेल तर रिव्हेटची डोकी ग्राइंडरने उडवावी लागतात, नव्या जॉइंटसोबत बोल्ट येतात, तेही जमेल. पण प्रेस-फिट, म्हणजे आर्मच्या भोकात दाबून बसवलेला, असेल तर घणाने ठोकून बसवायच्या नादी लागू नका, आर्मचं भोक वाकडं होतं आणि मग नवा जॉइंटही लूझ बसतो. आर्म सोडवून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, नट सुटल्यावर खालचा आर्म फक्त जॅकने धरलेला असतो आणि टॉर्शन बारमध्ये प्रचंड जोर भरलेला असतो. तो जॅक काम संपेपर्यंत तिथून हलवायचा नाही, कोणी हाक मारली तरी नाही, आणि शिवाय घोडी चेसिसखाली असलीच पाहिजे. बार सैल करणार असाल तर आधी त्याच्या ॲडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला बसलेली दिसेल आणि का ते कळणार नाही. फोंड्याला शिकाऊ असताना आमच्या अंगणात जॅक घाईने काढला गेला होता, आर्म असा खाली आपटला की लाकडाचा ठोकळा फुटला. तिथे कोणाचा हात नव्हता एवढंच. तो आवाज अजून कानात आहे.

मिठाच्या गाडीचं खरं दुखणं गंज. जॉइंटचा कॅसल नट (खाचांचा नट) नि त्यातली स्प्लिट पिन एकजीव झालेले असणार. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. पिन तुटली तर ड्रिलने काढा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे टेपर (जॉइंटच्या स्टडचा नकलमध्ये रुतलेला निमुळता भाग) सुटताना नकल उडून अंगावर येणार नाही. पुलर (टेपर सोडवायचं हत्यार) असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या डोळ्याला (स्टड बसतो त्या भोकाच्या कडेला) एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने जोरात मारा, दोन-चार घावात टेपर सुटतो. स्टडच्या टोकावर मारायचं नाही, आटे बसतात. दोन दात्यांच्या काट्याने लवकर सुटतं पण बूट फाटतो, जो जॉइंट ठेवायचाय त्याला तो लावू नका. गॅसने तापवायला कोणी आलं तर नाही म्हणा, शेजारीच ब्रेकचा होज (नळी) आणि रबर आहे. ब्रेकचा कॅलिपर काढला असेल तर तारेने टांगा, होजवर लोंबकळत सोडू नका.

बसवताना टेपर कोरडा नि स्वच्छ पुसून घ्या, त्याला ग्रीस लावायचं नाही, तो कोरडाच आवळला गेला पाहिजे. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर घट्ट करा, पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे थोडा आवळा, मागे कधीच सोडू नका. स्प्लिट पिन नवीच. मग चाकांची अलाइनमेंट, त्याशिवाय नवा टायर घातलात तर तोही महिन्याभरात आतून जाईल. १०० किलोमीटरवर व्हील नट परत आवळा.

तोवर माल भरू नका, चिरे तर नकोच नको आणि चोर्ला घाटाकडे रिकामी गाडीसुद्धा नेऊ नका. दादाला हे माझ्या नावाने सांगा. मिठाचा हंगाम थोडा असतो हे मला कळतं, दोन दिवस भाड्याची गाडी करा. आणि मिठाची खेप टाकून घरी आलात की रोज खालून गोड्या पाण्याने धुवा, पाइपचा जोर बूटवर नको.

प्रश्न : आमच्या जुन्या पिकअपला पुढे पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. तिचे बॉल जॉइंट कुठे असतात?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : पाटे आणि सरळ ॲक्सल असेल, फोर व्हील ड्राइव्ह नसेल, तर तिथे बहुतेक किंगपिन (चाक वळतं ती जाड उभी पिन) असते, बॉल जॉइंट नव्हे. चाक १२ आणि ६ वर धरून हलवायची तपासणी तीच, ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर किंगपिन आणि तिचे बुश बघा. तिला ग्रीस नियमित लागतं, पावसाळ्यात जास्तच. टाय रॉड एंडमध्ये मात्र गोळाच असतो, तो तुमच्या गाडीतही झिजतो.

प्रश्न : नव्या जॉइंटला ग्रीस निप्पलच नाही. दुकानदाराने चुकीचा दिला का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : चुकीचा असेलच असं नाही, सीलबंद जॉइंट येतात, त्यांना ग्रीस भरायचं नसतं. पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी जुळवून घ्या. निप्पलवाला मिळत असेल तर खाऱ्या हवेतल्या गाडीला मी तोच घेईन, कारण ताजं ग्रीस आतलं पाणी बाहेर ढकलतं. लिथियमचं २ नंबर ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस चालतं. बूट जरासा फुगला की पंप थांबवा, फुटेपर्यंत मारू नका.