फोनमधला डेटा हॅकरपासून वाचवायला कोणतं अँटीव्हायरस टाकू?

अँटीव्हायरसचं नंतर बघा, आधी फोनमध्ये काय शिरू द्यायचं नाही ते बघा. आमच्याकडे इंदूरला रामबागेत आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली, नंबर ओळखीचाच, फाईलच्या नावाशेवटी एपीके लिहिलेलं, आणि तिने उघडली. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते हो, एपीके म्हणजे सरळ अ‍ॅप, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि ती दिली की बँकेचा ओटीपी त्यांच्याकडे जातो. मी नशिबाने तिथेच होतो, आधी इंटरनेट बंद केलं, अ‍ॅप काढलं, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेटबँकिंग थांबवलं, आत्याचे हात नुसते थरथरत होते.

म्हणून आजच सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोमला बाहेरचे अ‍ॅप टाकायची परवानगी बंद करा. सेटिंगमधल्याच अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात अनोळखी अ‍ॅपचं नाव दिसलं तर लगेच काढा, माझ्या मते ही परवानगी सगळ्यात घातक, कारण त्यातून स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन, म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करताना विचारला जाणारा आकडा, लावा, अपडेट टाळू नका.

आणि कुरियरवाला म्हणून कोणी *४०१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगितला तर अजिबात लावू नका, तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात. लावलाच असेल तर ##००२# डायल करा, फॉरवर्डिंग बंद होतं.

पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.