क्लब नसलेलं वर्ष : नाकाझावाचं आणि माझं

तू लिहिलंयस : वय १९, फुटबॉलमध्ये सेंटर बॅक (मधला बचावपटू), ट्रायल चांगली झाली, 'पत्र येईल' म्हणाले, चार महिने झाले, तोवर गावातल्या संघातून खेळू की थांबू? वाचून पोटात गोळा आला. मी थांबलो होतो.

स्टॅमिना, खाणंपिणं यावर काही सांगत नाही, ते तुला कळतं. जपानचा बचावपटू युजी नाकाझावा याचं सांगतो, कारण त्या दिवसांत मला त्याची गोष्ट माहीत असायला हवी होती.

शाळा संपली तेव्हा जपानमधल्या एकाही व्यावसायिक क्लबनं त्याला घेतलं नाही. हा गडी थेट ब्राझीलला गेला, तिथल्या अमेरिका मिनेइरो या क्लबच्या युवा संघात. तिथंही करार झाला नाही. परत आला आणि आपल्याच जुन्या शाळेच्या मैदानावर धाकट्या पोरांबरोबर सराव करू लागला. १९९८ मध्ये व्हर्डी कावासाकी या जपानी क्लबमध्ये बिनपगारी सराव खेळाडू म्हणून शिरला. १९९९ मध्ये करार मिळाला, आणि त्याच वर्षी तो जे-लीगचा, म्हणजे जपानच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम नवोदित ठरला. २००२ चा विश्वचषक घरच्या अंगणात होता, त्यातही नाव नव्हतं. तेव्हाही तो खेळतच होता. २००३ आणि २००४ मध्ये योकोहामा एफ. मारिनोससोबत लीग जिंकली, २००४ चा सर्वोत्तम खेळाडूही तोच. त्याच वर्षी आशिया चषकाच्या उपांत्य सामन्यात बहरीनविरुद्ध दहा जणांचा जपान २-३ असा मागे होता, तेव्हा ९० व्या मिनिटाला या बचावपटूनं पुढे झेपावून हेडर मारला. तो गोल शोधून नक्की बघ.

आता माझं. एका अकादमीच्या कार्यालयानं 'निवड झाली' म्हणून माझं मूळ ना हरकत पत्र ठेवून घेतलं. झेरॉक्ससुद्धा काढली नाही मी! पत्र त्यांच्याकडे, म्हणून दुसऱ्या संघात नोंदणी होईना. दर सोमवारी जायचो, 'साहेब बाहेर गेलेत' ऐकून परत यायचो. असे आठ महिने गेले. पण खरी चूक कागदाची नव्हती. दुखापत झाली तर निवड जाईल या भीतीनं मी त्या आठ महिन्यांत चेंडूला पायच लावला नाही. पुढे दुसरीकडे बोलावणं आलं तेव्हा उंच चेंडूखाली कधी जायचं याचा अंदाजच उरला नव्हता. वीस मिनिटांत बाहेर काढलं. अजून राग येतो, त्या कार्यालयाचा आणि माझाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : खेळ. शाळकरी पोरांत खेळ, सात-सातच्या स्पर्धेत खेळ. बचावपटूची नजर सामन्यातच टिकते, जिममध्ये नाही. नाकाझावा चाळिशीपर्यंत टिकला, सलग १७८ लीग सामने पूर्ण वेळ खेळला, तेही गोलकीपर नसून. जपानसाठी ११० सामने, १७ गोल. २०१९ च्या जानेवारीत निवृत्ती जाहीर केली.

मी प्रशिक्षक नाही, आणि सगळ्याच अकादम्या तशा नसतात. आता नोंदणीही ऑनलाइन झालीय, त्यामुळे तुझी नोंद सध्या कोणत्या संघाकडे दिसते ते आधी तपास. मूळ कागद दिला असशील तर पोच घे, तीही लेखी, सही-शिक्क्यासह. कोणी परदेशी ट्रायलसाठी पैसे मागत असेल, तर त्या क्लबला स्वतः ईमेल टाकल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

आणि उद्या संध्याकाळी बूट घालून मैदानावर जा. कोण आलंय ते बघू नकोस, उतर.