इंदूरमधे ट्रॅफिकच्या आवाजाचा नकाशा मोबाईलवर मोजून बनवता येईल का?

येईल की, पण फोनमधलं डेसिबलचं ॲप जो आकडा दाखवतं तो तसाच खरा धरू नका, कुणाकडे साउंड मीटर असेल तर एकदा शेजारी ठेवून फरक किती येतो ते बघा आणि तेवढा सगळीकडे वजा-अधिक करा.

मी पलासियाच्या चौकात उभा राहून बघितलंय, सिग्नल हिरवा व्हायला चार-पाच सेकंद असतात ना, तेव्हाच मागचे सगळे हॉर्न सुरू (कुठे उडून जाणारेत देव जाणे!) आणि आकडा टुणकन वर. म्हणून एका क्षणाचं रीडिंग काही कामाचं नाही, निदान 10-15 मिनिटांचं Leq घ्या, म्हणजे तेवढ्या वेळातल्या आवाजाच्या ऊर्जेची सरासरी. साधी सरासरी काढू नका हं, डेसिबल लॉगमधे (लॉगरिदमच्या पट्टीवर) असतात, सारख्याच वेळाच्या 70 आणि 80 ची सरासरी 75 नाही, 77 च्या वर जाते.

आणि सगळ्यात मोठी चूक होते ती नकाशा रंगवताना. दोन पॉइंटच्या मधलं सॉफ्टवेअर आपोआप भरतं, पण मधे चार मजली बिल्डिंग असली की मागच्या गल्लीत एकदम शांत, ते त्याला कुठून कळणार? त्यामुळे एबी रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर मोजलं की आतल्या गल्लीतही मोजा.

तुलनेला ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आहेतच, राहत्या भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45. रात्रीचं मोजायला मात्र विसरू नका, झोप त्यानेच मोडते.