एमटीबीवर पोट भरेल का?

भावा, सोलापुरातलं कॉलेज सोडून एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक (डोंगरी सायकल) शर्यतींवर जगता येईल का विचारतोस, तर स्पष्टच सांगतो: नुसत्या शर्यतींच्या बक्षिसांवर घर चालत नाही. युरोपातसुद्धा टीमच्या पगारावर जगणारे मोजकेच. आपल्याकडे स्पॉन्सर म्हणजे बहुधा टायर, हेल्मेट आणि जर्सी. त्यातून किराणा येत नाही.

म्हणून प्रकार निवडताना डोकं वापर. क्रॉस-कंट्री (चढ-उतारांच्या कच्च्या वाटेवरची शर्यत) १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, डाउनहिल (नुसत्या उतारावरची शर्यत) नाही. रेल्वेची खेळाडू भरती, राज्याचं ५ टक्के क्रीडा आरक्षण, असल्या वाटा ऑलिम्पिक खेळाला जास्त मोकळ्या असतात. पण पात्रतेचा शासन निर्णय स्वतः वाच, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

सोलापुरात लांब चढ नाहीत. दम हिप्परग्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर तयार होईल (उन्हाळ्यात पहाटेच, नंतर ऊन भाजून काढतं). दगडी उतारांचं तंत्र मात्र सह्याद्रीतच शिकावं लागेल. येडशी-रामलिंग जवळ आहे खरं, पण ते अभयारण्य. वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालू नकोस.

आणि कॉलेज सोडायचं खूळ काढून टाक. सस्पेन्शन, हायड्रॉलिक ब्रेकची दुरुस्ती शीक. सीझन नसताना तेच पैसे देईल, शिवाय शर्यतीत स्वतःची सायकल स्वतःला दुरुस्त करता येईल.