वीस टक्के पुण्यात पडून आहेत

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटहून एका वाचकांचं पत्र आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, दोन मुलं, नोव्हेंबर २०२२ मध्ये पीआर (कायम वास्तव्याचा परवाना). अल्फ्रेडटनमध्ये चार बेडरूमचं विटांचं घर पाहिलंय, किंमत ६ लाख २० हजार डॉलर. हाताशी ४५ हजार. सरकारी हमीच्या योजनेत ५ टक्के भरून आत्ताच घ्यावं, की २० टक्के जमेपर्यंत दोन वर्षं थांबावं, हा प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता: “पुण्यात माझ्या नावावर ४५ लाखांच्या एनआरई एफडी आहेत, ७ टक्क्यांनी. करमुक्त आहेत, म्हणून त्यांना हात लावणार नाही.”

घराकडे नंतर येतो. आधी ही एनआरई एफडी, म्हणजे परदेशी कमाईची भारतातली मुदत ठेव.

ते व्याज भारतात करमुक्त आहे. ऑस्ट्रेलियात नाही. टेम्पररी व्हिसावर होतात तोवर परदेशातलं व्याज तिथे दाखवावं लागत नव्हतं. पीआर मिळाल्यापासून लागतं. तुम्ही दाखवलेलं नाही असं धरतो. वर्षाचं व्याज ३ लाख १५ हजार, डॉलर ५७ रुपये धरला तर साडेपाच हजार डॉलर. तुमच्या पगाराला मेडिकेअरसकट ३२ टक्के, म्हणजे दरसाल पावणेदोन हजार डॉलर थकतायत. ‘कोणाला कळतंय’ या भरवशावर राहू नका, सीआरएस या आंतरराष्ट्रीय कराराखाली दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना देतात. नोटीस येण्याआधी स्वतःहून जुनी रिटर्न दुरुस्त केलीत तर दंड बराच कमी बसतो. दोन्हीकडचे कायदे कळणारा अकाउंटंट याच आठवड्यात गाठा.

तुम्ही लिहिता, हेच ‘करमुक्त’ कानात भरणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी तुम्ही सुट्टीवर आला असताना अडीच लाख हप्त्याची ‘गॅरंटीड’ पॉलिसीही गळ्यात मारली, दोन हप्ते गेलेही. गॅरंटी होती ती त्यांच्या कमिशनची! सरेंडर केली तर किती, पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची चालू ठेवली) तर किती, हे लेखी मागवा. तिसरा हप्ता त्यानंतर बघू.

आता घर. एफडीचे ७ टक्के कर जाऊन पावणेपाच उरतात, तेही रुपयांत. कर्ज मात्र ६ टक्क्यांनी घ्यायचं! ४५ लाखांचे होतात ७९ हजार डॉलर. त्यात तुमचे ४५ हजार मिळवले की १ लाख २४ हजार, घराच्या किमतीचे बरोब्बर २० टक्के. थांबायचं कशासाठी?

पण सगळे ओतू नका. १५ टक्के, म्हणजे ९३ हजार भरा. २० टक्क्यांपेक्षा कमी भरलं की बँक स्वतःच्या संरक्षणासाठी तुमच्या खर्चाने घेते तो लेंडर्स मॉर्गेज इन्शुरन्स या योजनेत लागत नाही आणि बॅलरॅटची साडेसहा लाखांची मर्यादा तुम्ही ओलांडत नाही. महिन्याचा हप्ता (५ टक्के भरले असते तर येणाऱ्या) ३,५३० ऐवजी ३,१६० च्या आसपास येईल. उरलेल्या ३१ हजारांतून स्टँप ड्यूटी (पहिलं घर म्हणून सवलत मिळून साधारण ४,३००), कन्व्हेयन्सर (खरेदीची कागदपत्रं करणारा) आणि बिल्डिंग इन्स्पेक्शन भागवा, बाकी कर्जाला जोडलेल्या ऑफसेट खात्यात ठेवा, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही. तिथे ते ६ टक्के वाचवतात आणि त्यावर कर नाही. वर्ष न झालेली एफडी मोडू नका, तिच्यावर व्याज शून्य.

‘पाच वर्षांत दुप्पट’ असं एजंट म्हणतो म्हणे. एजंटला पैसे घर विकणारा देतो. २०२२ नंतर बॅलरॅटमध्ये भाव उतरलेले तुम्हीच पाहिलेत. मुलांची शाळा चालत पाच मिनिटांवर आहे असं लिहिलंय, ते कारण मला पटलं.