गुरगुरणारा कुत्रा परत द्यायचा का?

"दत्तक आणलेला कुत्रा जेवताना पोरांवर गुरगुरतो. चावेल का हो? परत देऊन टाकू का?" माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांचा पहिला प्रश्न हाच असतो. त्यातलं अमळनेरकडचं एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

आई-वडील, सात वर्षांचा मुलगा आणि आजी. त्यांनी रस्त्यावरचा, साधारण दोन वर्षांचा शेरू घरी आणला. सुरुवातीला तो पलंगाखालून बाहेरच यायचा नाही. सगळे म्हणायचे, किती गरीब जनावर! जरा रुळला आणि मुलगा ताटलीजवळ गेला की गुरगुरायला लागला. वडिलांनी एक-दोनदा चप्पल हाणली, गुरगुरणं बंद झालं आणि घराला वाटलं, खोड मोडली. आजी मात्र धोशा लावून बसल्या होत्या, "हाऊ कुत्रा पोऱ्याले चावी जाई." आजींचं बरोबर आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं.

कारण मी शेरूला जेवताना पाहिलं होतं. तोंडातून आवाज नाही. पण मुलगा ओट्यावर आला तसं त्याचं अंग ताठ झालं, मान ताटलीवर आणखी झुकली, घास न चावताच गिळायला लागला. डोकं जागचं हललं नाही, फक्त डोळे मुलाकडे वळले आणि कडेचा पांढरा भाग दिसला. रस्त्यावर ज्यानं प्रत्येक तुकडा भांडून मिळवला, त्याला ताटलीकडे येणारं माणूस हिसकावायलाच येतंय असं वाटतं. गुरगुरून तो 'लांब राहा' एवढंच सांगत असतो. मारानं ते सांगणं बंद पडतं, भीती होती तेवढीच राहते. मग पुढची पायरी थेट दात. 'काही न करता अचानक चावला' असं लोक सांगतात, त्यातल्या कितीतरी कुत्र्यांचं गुरगुरणं आधी मारूनच बंद केलेलं असतं.

आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुखत असलं तरी कुत्रा चिडतो, आणि शेरूचा एक कान गोचिडांनी भरून सुजलेला निघाला. औषध सुरू झालं. रेबीजची लस तिथेच टोचून घेतली. ती पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखेला, सहसा दरवर्षी, पुन्हा द्यावी लागते.

मग घरातली व्यवस्था. शेरूचं जेवण मागच्या खोलीत, दार लावून. तो खातोय किंवा झोपलाय तेव्हा मुलानं हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही. मोठं माणूस समोर नसेल तर दोघांना एकत्र सोडायचं नाही. हे नियम कुत्र्यापेक्षा माणसांनाच जड जातात, आणि इथे मी कुणाचंच ऐकत नाही.

शिकवणी आईनं घेतली. शेरूचं अंग सैल असेल इतक्या लांब उभं राहायचं, तिथून उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा ताटलीकडे टाकायचा आणि मागे फिरायचं. एवढंच, रोज. अंतर हळूहळू कमी करायचं. तो ताठ झाला की पुन्हा लांब. काही आठवड्यांनी आई येताना दिसली की शेरू ताटली सोडून मान वर करून शेपूट हलवायला लागला. मुलाला यात अजून घेतलेलं नाही, घाईही नाही.

ताटलीत काय पडतं तेही विचारलं. उरलेल्या शेवभाजीचा रस्सा भाकरीवर ओतत होते. आपल्या काळ्या मसाल्यात कांदा-लसूण असतोच, आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, शिजलेली हाडं हेही बंद केलं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे फिरवणं सूर्य वर यायच्या आत. डांबरावर आपला तळहात टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजतात.

आजींना एक गोष्ट लिहून हवी होती, ती सगळ्यांसाठीच लिहिते. दात किंवा नखं लागलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी लगेच दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

आता परत देण्याचं. नुसत्या गुरगुरण्यावरून देऊ नका. पण घरात रांगतं मूल आहे, वेगळी खोली नाही, कुत्र्यानं दात रुतवून चावा घेतलाय आणि नियम पाळायला मोठं माणूस घरी थांबत नाही, अशा घराला मी स्वतः सांगते की ज्यांच्याकडून आणला त्यांना खरं काय ते सांगून परत द्या. रस्त्यावर मात्र सोडू नका. चावल्याची गोष्ट लपवू नका, म्हणजे पुढचं घर लहान मुलं नसलेलं शोधता येतं.